तिसरा पंखा

तुमच्या मिक्सरच्या पोटाखाली किती स्क्रू आहेत? न बघता सांगा. रोज सकाळी ओल्या हाताने ज्याचं झाकण तुम्ही दाबून धरता, त्याच्या आत कशाने काय धरून ठेवलं आहे, हे तुम्ही कधी उलटं करून पाहिलं आहे का?

मी पाहिलं नव्हतं. हा प्रश्न मला भाईदासनानांनी विचारला, शहाद्याच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या टपरीत. मी अंदाजाने म्हणाले, "चार."

"तीन शेतस," नाना म्हणाले. "चौथाले तू मारी टाकं."

त्यांनी माझा राखाडी मिक्सर गोणपाटावर पालथा घातला होता. एका कोपऱ्यातला स्क्रू बोटाने ढकलला तरी गोल फिरत होता, वर येत नव्हता, खाली जात नव्हता.

"घट्ट कोनी करा हाऊ?"

"मीच. ढिला झाला होता म्हणून."

"ढिला व्हयना म्हनीसन त्यानी मान मुरगाळी टाकी?"

शेजारच्या केळीवाल्याला हसू फुटलं. मी पत्रकांच्या घरात वाढलेली मुलगी. आईवडील दोघंही चळवळीतले, घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे, आणि मी वाचायला शिकले तीच मुळी 'हाणून पाडा' आणि 'जाब विचारा' या शब्दांवर. मी लगेच म्हणाले, की दोष माझा नाही, कंपनीचा आहे. लोखंडाचा स्क्रू पातळ प्लास्टिकात घुसवायचा, तो वर्षभरात सैल होणार हे त्यांना ठाऊक असतं, म्हणजे आपण नवा घ्यावा.

नानांनी मला बोलू दिलं. तोवर त्यांनी तळ उघडला आणि आतली एक बोटभर उंचीची पोकळ नळी दाखवली. तिला ते 'घर' म्हणत. स्क्रूचं घर. ते उभं चिरलं होतं. त्यांनी चिरेभोवती तांब्याची बारीक तार गच्च गुंडाळली, तिच्यावर झटकन चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा थेंब सोडला, वरून चिमूटभर खाण्याचा सोडा भुरभुरला. सोडा पडताच गोंदातून बारीकसा धूर निघाला आणि सगळं दगडासारखं झालं. मग डाग द्यायच्या तापलेल्या सळईने एक पितळी नट हळूहळू त्या घरात उतरवला. लोण्यात बोट जावं तसा तो गेला. थंड होईपर्यंत त्यांनी मला हात लावू दिला नाही.

शेवटी स्क्रूची पाळी आली, तेव्हा उरलेल्या तीन स्क्रूंपैकी एकावर माझा हात ठेवून म्हणाले, "पहिले उलटा फिराव."

"उलटा?"

"उलटा. हयू. टक् वाजी तव्हय थांब. मंग सुलटा."

मी उलटा फिरवला. खरंच टक् वाजलं. स्क्रूला त्याचा जुना आटा सापडला होता. नानांचं म्हणणं असं, की लोक स्क्रू सरळ घुसवतात आणि जुन्या आट्यावर नवा आटा कापतात. दोनदा कापला की घरात नुसता भुसा उरतो. "प्लास्टिकले राग येत नई," ते म्हणायचे, "ते थकस. अन् थकनं म्हनीसन सांगत नई."

पुढची कित्येक वर्षं मी त्या टपरीवर येत-जात राहिले. आमच्या संघटनेची खोली त्याच गल्लीत होती. नाना मूळचे प्रकाशाचे, तापीकाठच्या गुजर कुटुंबातले. भाऊ केळी आणि ऊस करत. हे शेतात न रमता शहाद्याला येऊन बसले. घरी गुजरी, टपरीत अहिराणी, आणि सरकारी माणूस आला तर शाळेतली मराठी, तीही मुद्दाम चुकीची. साठी ओलांडलेली, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात स्क्रूंची छोटी डबी. चालताना ती वाजायची. ते येताना दिसले की भाजीवाल्या बाया म्हणायच्या, "उना पैंजनवाला."

त्यांची एक खोड होती, आणि पुढचं सगळं त्या खोडीतून आलं. ते कोणाचंही नाव विचारत नसत. माणूस त्यांच्या लेखी त्याच्या यंत्राच्या नावाने ओळखला जाई. तलाठ्याची बायको 'फुटकी इस्त्री', हायस्कूलचे हेडमास्तर 'हिरवा कूलर', मी 'राखाडी मिक्सर'. मी एकदा चिडून म्हणाले, "नाना, माणसाला नाव असतं. गरिबाचं नाव कोणी विचारत नाही, हीच तर आपली लढाई आहे."

"नाव भुली जास मानूस," ते म्हणाले. "तुन्हा मिक्सरनी चीर मी मरालगून भुलाव नई."

आणि ते खरं होतं. वीस वर्षांपूर्वीच्या रेडिओचा कुठला कोपरा उडाला होता ते त्यांना आठवे. कोणाचा रेडिओ, ते नाही.

दुसऱ्या मिस्तरींवर त्यांचा राग होता. सैल घरात आगपेटीची काडी मोडून घालायची, वर स्क्रू आवळायचा आणि गिऱ्हाईक वाटेला लावायचं, ही सगळीकडे चालणारी रीत. काडी थोडे दिवस धरते. मग लाकूड वाळतं, आकसतं आणि स्क्रू पुन्हा मोकळा होतो. अशा मिस्तरीला नाना 'आगपेटीवाला' म्हणत. त्यांच्या तोंडची ती सगळ्यात वाईट शिवी होती.

मला सगळ्यात आधी खटकलं ते त्यांचं पंख्याकडे बघणं. त्यांच्या साडूच्या घरी मयत झाली. दारावर माणसं बसली होती, मीही गेले होते. बायांच्या घोळक्याजवळ एक टेबलपंखा खडखडत होता. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. नाना उठले, बायांमधून वाट काढत गेले, प्लग उपटला, पंखा आडवा केला आणि खिशातून पेचकस काढून त्याचा तळ उघडायला बसले.

"नाना, आज ते ऱ्हाऊ द्या!" साडूचा मुलगा कळवळून म्हणाला.

"आजच."

एक म्हातारी पदराआडून बोलली, "मयतनं घर सुदिक सोडत नई हाऊ मानूस!" काही जण हसले, काही जण रागावले. नानांनी आत बघितलं, तळ बसवला, प्लग लावला आणि परत जागेवर येऊन बसले. पंखा तसाच खडखडत राहिला. खडखड त्यांना दुरुस्त करायचीच नव्हती. आत काय आहे तेवढं त्यांना बघायचं होतं. माझ्या शेजारी बसताना ते पुटपुटले, "हाऊ नई." हा नाही.

नंतर ते दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले. लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर कोणाच्या बोचक्यातून पंख्याची जाळी दिसली की. "हाऊ नई."

त्यांनी मला सगळं सांगितलं ते एका दुपारी, मी काहीही विचारलं नसताना. बाजार उठला होता. त्यांनी गल्ल्यातून गोळ्यांची एक रिकामी डबी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत अर्धी, काळी पडलेली आगपेटीची काडी होती.

"ही मी घाली," ते म्हणाले.

गोष्ट दिवाळीनंतरच्या आठवड्यातली. दरवर्षी त्या सुमाराला सातपुड्यातली पाड्यापाड्यांची माणसं खाली उतरतात आणि ट्रक भरून गुजरातेत जातात. कोणी ऊसतोडीला, कोणी सौराष्ट्रात कापसाच्या शेतावर राहायला. त्या दिवशी बाजाराच्या कोपऱ्यावर सौराष्ट्राचा ट्रक भरत होता. अर्ध्या तासात नानांकडे तीन पंखे आले. तिन्ही एकाच जातीचे, स्वस्तातले, पांढऱ्या तळाचे. तिन्हींना एकच दुखणं. पंखा वायरीला धरून उचलायची सवय असते. तळात वायर धरून ठेवणारी एक छोटी पट्टी असते, तिच्या स्क्रूंची घरं त्या ओढीने चिरली होती. ती पट्टी सुटली की पुढची ओढ थेट आतल्या जोडावर येते. जोड निखळतो, उघडी तार पंख्याच्या लोखंडी दांड्याला टेकते आणि सगळा पंखा वीज घेऊन उभा राहतो. फिरत असतो. बघणाऱ्याला काही कळत नाही.

नीट करायला एकेका पंख्याला तास लागला असता. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. माणसं उन्हात उभी होती, लेकरं ट्रकात चढली होती. पंखा राहिला तर शेतावरच्या खोलीत डास लेकरांना फोडून काढणार. नानांनी आगपेटी काढली. तीन पंखे, सहा काड्या, गोंदाचे सहा थेंब.

"होयीलगून चाली जाई," त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, होळीपर्यंत चालेल.

होळीला ट्रक परतले. होळीनंतरच्या बाजारात पहिला पंखा आला. आणणाऱ्याचं नाव खेमा, पण ते आणि त्याचा पाडा नानांना नंतर, बाजारात विचारत विचारत कळले. मागे त्याची बायको, भुरीबाई. तिच्या उजव्या हाताला फडकं होतं. खेमा म्हणाला, "काका, पंखा बंद पडला. नीट करून दे. तिकडची लाईट खराब. हिला धरलं."

नानांनी तळ उघडला. एक काडी जळून काळी झाली होती, दुसरी कुठेतरी गळून पडली होती. पट्टी लोंबत होती. त्यांनी वर पाहिलं तेव्हा भुरीबाई फडकं सोडून हाताला वारा घालत होती. दोन बोटं आत वळलेली होती, उलगडत नव्हती.

"मी काय करं, माहीत शे तुले?" नाना मला म्हणाले. "मी पंखा नीट करा. पितळना नट बसाडा. चांगला करा. अन् देई टाका. एक शब्द बोलनू नई."

खेमाने जाताना त्यांना वर रामराम केला होता.

दोन वर्षं ते गप्प होते. त्या दोन वर्षांत त्यांनी दुसरा पंखा हुडकून काढला. धडगावच्या रस्त्यावर एका चहावाल्याने तो कोणाकडून तरी घेतला होता. नाना तिथेच जमिनीवर बसले आणि तळ उघडला. काड्या वाळून खुळखुळत होत्या. त्या पंख्याने कोणाला काही केलं नव्हतं, अजून.

तिसरा राहिला. तिसऱ्या पंख्याबद्दल नाना डोळे मिटून सांगू शकत. पाती पोपटी, एका पात्याचं टोक तुटलेलं. मानेला काळा दोरा बांधलेला, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसा. तळावर लेकराने चिकटवलेलं मोराचं चित्र, मोराचं डोकं फाटलेलं. सगळं आठवत होतं. तो कोणी आणला होता, बाईने की पुरुषाने, कुठल्या पाड्यावरच्या, ते मात्र कोरं. नाव त्यांनी विचारलंच नव्हतं.

मी त्यांना म्हणाले की आधी भुरीबाईला सांगायला हवं. हे बोलणं मला सोपं होतं. मला कुठे तोंड दाखवायचं होतं?

वनहक्काच्या दाव्यांच्या बैठकीसाठी मी तोरणमाळच्या बाजूला जाणार होते. नाना जीपमध्ये माझ्याशेजारी येऊन बसले. खिशातली स्क्रूंची डबी घाटाच्या वळणावळणाला वाजत होती. खेमाचा पाडा रस्त्यापासून बराच आत. आम्ही पोचलो तेव्हा भुरीबाई अंगणात मोहाची फुलं पसरत होती, डाव्या हाताने. नानांनी गोळ्यांची डबी उघडून काडी तिच्यापुढे धरली आणि सांगितलं. शाळेतल्या मराठीत सांगितलं, एकही शब्द न चुकवता. "लाईट खराब नव्हती. काडी मी घातली होती. मला माहीत होतं."

मी मनातल्या मनात भाषण तयार ठेवलं होतं. ती रडली तर हे, खेमा संतापला तर ते. त्यातलं काहीच लागलं नाही. भुरीबाईने काडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग नवऱ्याकडे वळून आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. खेमा जरा घुटमळला.

"ती म्हणते," तो म्हणाला, "असे पंखे किती केले?"

"तीन."

पुन्हा ती काही बोलली.

"ती म्हणते, तिसरा कोणाकडे आहे?"

तिने काडी डबीत ठेवून डबी परत दिली आणि फुलं पसरायला लागली. आम्हाला पाणी दिलं, बसायला खाट दिली. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही कधी नाही. घाट उतरताना जीपमध्ये नानांनी मला विचारलं, "नाव काय शे व तुन्हं?"

चार वर्षांनी. मी म्हणाले, "वनिता."

त्यांनी ते कानावरच्या पेन्सिलीने बिडीच्या पाकिटावर लिहिलं. त्या दिवसापासून टपरीत येणाऱ्या प्रत्येकाला ते नाव विचारू लागले. गाव, पाडा, जवळ कोणाचं घर, सगळं. लोकांना वाटलं म्हाताऱ्याने सरकारी काम घेतलं. केळीवाला ओरडायचा, "नाना, मन्हा सातबारा बी काढी द्या!"

मग मी पत्रक लिहिलं. त्यात माझा हात बसलेला होता. मथळा होता 'नफेखोरांच्या प्लास्टिकला बळी कोण?' खाली कंपन्या, ठेकेदार, शेतावर मजुराला उघड्या तारेच्या खोलीत ठेवणारे मालक, मजुराच्या जिवाची किंमत न करणारं सरकार, सगळ्यांना धारेवर धरलं होतं. त्यातलं एक वाक्यही मला आज मागे घ्यावंसं वाटत नाही. नानांनी ते दोनदा वाचलं.

"यामा मन्हं नाव कोठे शे?"

"तुमचं कशाला? तुम्ही काय कंपनी आहात?"

"प्लास्टिक कंपनीनं पातळ, ते खरं. मालकनी खोली वाईट, ते बी खरं. पन काडी? काडी कोनी घाली?" त्यांनी पेन्सिल काढली आणि माझा मथळा खोडला. त्याजागी लिहिलं: 'भाईदास मिस्तरीने चुकीचा दुरुस्त केलेला पंखा.' मग ते एकेक विशेषण खोडत गेले. शेवटी उरल्या सहा ओळी, त्यांच्याच पेन्सिलीतल्या. पोपटी पाती, तुटलेलं टोक, काळा दोरा, मोर. प्लग काढा. पंखा आणा, नीट करून मिळेल. सगळ्यात खाली, ठळक: 'चूक मिस्तरीची आहे. तुमची नाही.'

मी आजवर लिहिलेल्या पत्रकांतलं हे एकच पत्रक लोकांनी घडी करून खिशात ठेवलेलं मी पाहिलं आहे. त्याचा फोटो फोनवरून सौराष्ट्रापर्यंत गेला. पंखे आलेही. पोपटी पात्यांचे दोन, मोराचा एक. प्रत्येक वेळी नाना तळ उघडायचे आणि म्हणायचे, "हाऊ नई." मग त्या पंख्याची घरं मात्र नवीन करून द्यायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भोंगऱ्याच्या बाजारात. होळीच्या आधी डोंगरात हा बाजार भरतो. गुजरातेतून परतलेली माणसं थेट बाजारात उतरतात, ढोल खांद्यावर, बोचकी डोक्यावर. नाना दरवर्षी ट्रक थांबतात त्या वळणावर स्टूल टाकून बसायचे. त्या वर्षी ते खंगले होते, उन्हात डोळ्यांवर हात धरून बघत होते. मी ढोलांच्या गर्दीपलीकडे उभी होते.

एक ट्रक रिकामा होत होता. एका बाईच्या बोचक्यातून पोपटी पातं बाहेर आलं होतं. नाना स्टुलावरून उठले ते मला दिसलं. त्यांनी हात जोडून बाईला काहीतरी विचारलं. ती थांबली. पंखा त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला, लेकराला घ्यावं तसा, एक हात तळाखाली ठेवून. पेचकस लावला. एवढ्या ढोलांत त्यांना टक् ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी कान खाली नेला आणि स्क्रू उलटा फिरवला. बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. मग त्यांनी तळ बंद केला. इतक्या लांबून ओठ वाचता येत नाहीत, पण ते दोन शब्द मला वाचता आले. पंखा परत देताना त्यांनी खिशातून बिडीचं पाकीट काढलं, पेन्सिल काढली आणि बाईकडे मान वर करून पाहिलं. ते तिचं नाव विचारत होते. मागून नाचणारे आले आणि मधे गर्दी झाली.

वैशाखात नाना गेले. गोळ्यांची डबी आता माझ्याकडे आहे. आता मयतीला गेले तरी माझी नजर आधी पंख्याच्या तळाकडे जाते. तिसरा पंखा कुठेतरी फिरतो आहे.

म्हणून आज हे करा. घरातला पंखा, मिक्सर, कूलर, जे प्लास्टिकचं असेल ते. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका. मग ते पालथं करा आणि प्रत्येक स्क्रू उलटा फिरवा, हळू. टक् वाजलं तर सुलटा करा आणि बोटाला अडला की थांबा. जो गोल फिरतच राहील, ते यंत्र बाजूला ठेवा, जाणत्या मिस्तरीकडे न्या, आणि काडी घालू देऊ नका. तो घाई करत असेल तर तुम्ही करू नका. तुमच्या शेतावर डोंगरातली माणसं राहायला असतील, तर त्यांच्या खोलीतला पंखाही याच हाताने बघा. आणि त्याची पाती पोपटी असली, एक टोक तुटलेलं असलं, मानेला काळा दोरा आणि तळावर डोकं फाटलेला मोर असला, तर प्लग पुन्हा लावू नका. पंखा ज्यांचा आहे त्यांना सांगा की चूक त्यांची नाही. मग त्यांचं नाव विचारा, आणि लिहून ठेवा.